कापणं आणि पुसणं



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "छायाचित्र स्पर्धेत फोटो कापायची मुभा किती असावी, यावर बोलतो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, पण तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे ना?" (हशा) त्यांची शंका रास्त होती. मला कॅमेरा धड धरता येत नाही. घरच्या लग्नात मी काढलेल्या फोटोंत नवऱ्या मुलाचं डोकं नसतं. पण तीसेक वर्षं वर्गात ‘सत्य म्हणजे काय’ हे शिकवून झाल्यावर त्या प्रश्नाने मला खरं अडचणीत आणलं ते एका फोटो स्पर्धेत, परीक्षकाच्या खुर्चीवर. ती गोष्ट सांगणार आहे, पण थोड्या वेळाने. आधी एका पायाची गोष्ट.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही ॲमस्टरडॅमची संस्था. वृत्तछायाचित्रणातला तिचा पुरस्कार जगात फार मानाचा. २०१० साली त्यांनी क्रीडा विभागातलं एक बक्षीस काढून घेतलं. स्तेपान रुदिक या युक्रेनच्या छायाचित्रकाराने कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांवर एक मालिका केली होती. त्यातल्या एका फोटोत एका हाताला पट्टी बांधली जातेय. जवळून घेतल्यासारखा, काळापांढरा, खरखरीत फोटो. परीक्षकांनी मूळ फाइल मागवली. मूळ फोटो रंगीत आणि बराच रुंद. आजूबाजूला माणसं उभी आहेत, मोकळी जागा आहे. रुदिकने त्यातला छोटा तुकडा कापून घेतला, रंग काढले, वर दाणेदार पोत दिला. आणि आणखी एक केलं. हाताच्या मागे कुणाच्या तरी पायाचा थोडासा भाग दिसत होता, तो पुसून टाकला.

बक्षीस गेलं ते कशामुळे? चित्राचा मोठा हिस्सा कापून टाकला, त्यामुळे नाही. रंग काढले, त्यामुळेही नाही. तो इवलासा पाय पुसला, म्हणून गेलं.

पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं. अख्खी माणसं कापून फेकली तर चालतं आणि बुटाचं टोक पुसलं तर गुन्हा! तेव्हा पुष्कळांनी हीच टीका केली. नियम आंधळा आहे, पिक्सेल मोजतो, अर्थ बघत नाही. माझा मुद्दा दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा: नियम आंधळा नाही. त्याच्या पोटात एक खरा विचार आहे. दुसरा टप्पा: त्या विचाराला मर्यादा आहे आणि आपण परीक्षक ती मर्यादा विसरतो. मी स्वतः विसरलो होतो.

आता पहिला टप्पा. नियम काय म्हणतो ते बघा. चौकटीच्या आत काही घालायचं नाही, हलवायचं नाही, आतलं काही काढायचं नाही. अपवाद मोजके. सेन्सरवरची धूळ किंवा निगेटिव्हवरचा ओरखडा काढता येतो, कारण तो दृश्यातला नव्हे, यंत्रातला आहे. आणि क्रॉप करून कडेचा अनावश्यक तपशील वगळता येतो. निसर्ग-छायाचित्रणातही हेच. फियाप, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी मिळून जी व्याख्या केली, तिचा आशय असा: दृश्यातला कुठलाही घटक घालू नका, सरकवू नका, बदलू नका, काढू नका, काढायचाच तर फक्त क्रॉपने. आपल्याकडच्या फोटो क्लबांच्या सलॉनमध्येही हीच व्याख्या वापरतात.

‘फक्त क्रॉपने’. म्हणजे काढण्याच्या दोन पद्धती आहेत, एक चालते, दुसरी चालत नाही. निकाल एकच दिसतो: वस्तू होती, आता नाही. मग फरक काय?

इथे मला आपल्या जुन्या लोकांची मदत घ्यावीशी वाटते. वैशेषिकांच्या परंपरेत जगातल्या पदार्थांची यादी आहे. द्रव्य, गुण, कर्म वगैरे. त्यात पुढे सातवा पदार्थ आला, ‘अभाव’. नसणं हीसुद्धा एक जाणण्याजोगी गोष्ट आहे. वर्गातलं नेहमीचं उदाहरण म्हणजे जमीन आणि घट. मी खोलीत येतो, जमिनीकडे बघतो आणि म्हणतो, इथे घट नाही. हे ज्ञान प्रत्यक्षाने होतं असं नैयायिक म्हणतात. भाट्ट मीमांसक म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानावं लागेल. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवा तो भाग असा की अभावाला दोन गोष्टी लागतात. कशाचा अभाव, तो प्रतियोगी: घट. आणि कुठे अभाव, ते अधिकरण: ही जमीन. जमीन समोर नसेल, तर ‘इथे घट नाही’ हे वाक्य बोलायला जागाच नाही.

आता फोटोकडे या. रुदिकने पाय पुसला, तेव्हा पायाच्या मागची जागा त्याने आपल्याला दाखवली आणि ती रिकामी दाखवली. अधिकरण समोर आहे, प्रतियोगी नाही. म्हणजे चित्र स्पष्ट सांगतं, इथे पाय नव्हता. हे खोटं विधान आहे. पण कडेची माणसं त्याने कापली, तेव्हा ती जागाच आपल्याला दाखवली नाही. चित्र असं म्हणत नाही की तिथे माणसं नव्हती. चित्र त्याबद्दल काहीच बोलत नाही.

पुसणं म्हणजे नकार. कापणं म्हणजे मौन. खोटा नकार हे असत्य आहे, मौन हे असत्य नाही. निदान अजून तरी नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९७१ साली ‘द वर्ल्ड व्ह्यूड’ या पुस्तकात याच्याशी जुळणारी गोष्ट वेगळ्या वाटेने मांडली. रंगवलेल्या चित्राच्या चौकटीबाहेर काय आहे हा प्रश्न तसा निरर्थक असतो. रविवर्म्याच्या दमयंतीच्या उजवीकडे, चौकटीपासून चार हात दूर काय होतं? काही नव्हतं. चित्रकाराने रंगवलं तेवढंच जग. फोटोला मात्र हा प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तर असतं, कारण फोटो हा जगाचाच तुकडा आहे आणि कडेपलीकडे जग चालूच असतं. म्हणजे कापणं ही फोटोवर नंतर केलेली शस्त्रक्रिया नाही. बटण दाबलं त्याच क्षणी पहिलं कापणं झालेलं असतं. छायाचित्रकार दोन पावलं पुढे सरकला असता तर रुदिकची ती कडेची माणसं तशीही आली नसती. पाय मात्र बहुधा तिथेच राहिला असता.

म्हणून ‘क्रॉप चालेल, क्लोन चालणार नाही’ या नियमामागे अर्थ आहे. कॅमेरा जे स्वतः करू शकतो ते नंतर टेबलावर करायला हरकत नाही. कार्तिए-ब्रेसाँ कापण्याच्या विरोधात होते हे प्रसिद्ध आहे. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा फोटो मात्र कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि कडेला फळी आली होती. ती फळी कापल्याने त्या माणसाबद्दल एकही खोटी गोष्ट सांगितली गेली नाही.

आता नियमाची कठोर बाजू बघू. हे उदाहरण स्पर्धेचं नाही, वृत्तसंस्थेचं आहे, पण तत्त्व तेच. नार्सिसो कॉन्त्रेरास हा सीरियाचं युद्ध टिपणारा छायाचित्रकार. असोसिएटेड प्रेसच्या ज्या चमूला २०१३ चं पुलित्झर मिळालं त्यात तो होता. पुढे त्याने एका बंडखोर सैनिकाच्या फोटोतून खालच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. त्याने स्वतःच हे सांगितलं आणि जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने त्याच्याशी संबंध तोडले. त्याचे सुमारे ५०० फोटो तपासले. दुसरा असा प्रकार सापडला नाही. तरी निर्णय बदलला नाही.

याच्या शेजारी दुसरा फोटो ठेवा. ८ जून १९७२, व्हिएतनाममधलं त्रांग बांग. नापामने भाजलेली, अंगावर कपडा नसलेली, रडत धावणारी मुलगी, किम फुक. हा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला पुलित्झर मिळालं, वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातला सर्वोत्तम हा मान मिळाला. तो नेमका कोणी काढला यावर अलीकडे वाद झाला. २०२५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने निक उट यांच्या नावाचं श्रेय स्थगित केलं, असोसिएटेड प्रेसने ते कायम ठेवलं. आपल्याला आज त्यात जायचं नाही. आपला मुद्दा कडेचा आहे. जगाने पाहिलेला फोटो उजवीकडून कापलेला आहे. मूळ फ्रेममध्ये तिथे एक छायाचित्रकार आहे, मान खाली घालून आपल्या कॅमेऱ्याशी खटपट करणारा.

बघा, दोन्हीकडे काय काढलं? पत्रकार काढला. एकीकडे पुसून, एकीकडे कापून. एकाचं काम गेलं, दुसऱ्या फोटोला सर्वोच्च सन्मान मिळाले. मघाच्या विचाराप्रमाणे हे बरोबरच आहे: एक नकार, एक मौन. पण मनात काहीतरी खटकतं की नाही? तो कापलेला माणूस फोटोत राहिला असता, तर तोच फोटो आपल्याला आणखी एक गोष्ट सांगत राहिला असता. मुलं जळत धावताहेत आणि बाजूला एक जण आपलं काम करतोय. ते युद्धाबद्दल आणि आपल्या बघण्याबद्दलचं एक अवघड विधान झालं असतं. मग तो तपशील ‘अनावश्यक’ होता का?

माझं मत सांगतो. फोटो जर एवढंच म्हणत असेल की या मुलांच्या बाबतीत हे घडलं, तर कापणं योग्य आहे. कापल्याने त्या मुलांबद्दल काही खोटं होत नाही. पण त्याच फोटोखाली कुणी लिहिलं असतं की ‘आसपास त्यांच्याकडे बघणारंही कुणी नव्हतं’, तर तेच कापणं त्या क्षणी असत्य झालं असतं. कापलेली रेघ तीच, फक्त शब्द बदलले.

इथे आपण दुसऱ्या टप्प्यात आलो. मौन कधी खोटं होतं?

हे आपल्याला महाभारताने फार आधी सांगून ठेवलंय. अश्वत्थामा मेला का, हे द्रोणांनी युधिष्ठिराला विचारलं. त्यालाच का? कारण तो खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती. युधिष्ठिर म्हणाला, अश्वत्थामा मेला. आणि ‘हत्ती’ हा शब्द असा पुटपुटला की ऐकू जाऊ नये. त्याने एकही शब्द खोटा उच्चारला नाही. वाक्याची एक कड तेवढी कापली. आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मला नेहमी वाटतं, फोटोचं आपल्या समाजातलं स्थान युधिष्ठिरासारखं आहे. कॅमेरा खोटं बोलत नाही या ख्यातीवरच आपण त्याला विचारतो. म्हणून त्याच्या पुटपुटण्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त.

युधिष्ठिराचं मौन खोटं का ठरलं? कारण द्रोणांचा प्रश्न नेमका त्याच शब्दाबद्दल होता. कोण मेला, माणूस की हत्ती? ज्याबद्दल प्रश्न उभा आहे, त्याबद्दलचं मौन हे मौन राहत नाही. ते उत्तर होतं.

निसर्ग-छायाचित्रणाच्या नियमांनी हे अर्धंमुर्धं ओळखलंय. त्यात ‘वन्यजीव’ असा वेगळा प्रकार असतो आणि प्राणी मोकळा, आपल्या अधिवासात असावा ही अट असते. समजा, प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा फोटो आहे आणि कडेचे गज क्रॉप करून घालवले. एक पिक्सेल पुसलेला नाही. क्रॉपला परवानगीही आहे. तरी फोटो बाद, आणि बाद व्हायलाच हवा. कारण ‘वन्यजीव’ हे विभागाचं नावच सांगतं की या प्राण्याभोवती गज नाहीत. नाव चौकटीबाहेरच्या जागेबद्दल बोलतं. मग ती जागा अधिकरण होते, आणि कापलेले गज हा खोटा अभाव होतो. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ चा मुख्य पुरस्कार कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला आणि जानेवारी २०१० मध्ये तो रद्द झाला. लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो नाकारला. पण फोटोत फेरफार केल्याचा आरोप कुणीच केला नव्हता. वाद होता तो फ्रेममध्ये न दिसणाऱ्या गोष्टीचा.

याच स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात आपल्या मुंबईचे नयन खानोलकर विजेते ठरले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, वस्तीतल्या अरुंद गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या. त्या फोटोत बिबट्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत त्या भिंती आणि घराचा उजेड. एखाद्या सलॉनसाठी, जिथे माणसाच्या खुणा सहसा चालत नाहीत, कुणी भिंती कापून नुसता बिबट्या ठेवला तर? नियमात कदाचित बसेल. पण बिबट्या आणि माणूस एकमेकांना लागून राहतात, ही त्या फोटोची सगळी गोष्ट निघून जाईल. मागे राहील तो कुठल्याही जंगलातला बिबट्या.

आता उलटी दिशा. चौकट आत घेण्याऐवजी बाहेर ढकलणं. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड छापले. फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. मग संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. हेतू काय, तर आकार जुळवणं. पण फार मोठा गदारोळ झाला आणि तो योग्यच होता. आज हे काम फोनवर होतं. फोटो थोडा तिरका आला, सरळ केला, की कोपरे रिकामे राहतात. पूर्वी ते कापावे लागत. आता सॉफ्टवेअर ते आपण होऊन भरून देतं. चौकोनी फोटो उभा करायचाय? वर आभाळ वाढवून देतं. लोक म्हणतात, "सर, आभाळच तर आहे! हे तर क्रॉपच्या उलट."

नाही. क्रॉपच्या उलट म्हणजे कापलेलं परत ठेवणं. हे तसं नाही. क्रॉप म्हणजे साक्षीदाराने कमी बोलणं. हे म्हणजे साक्षीदार गप्प झाल्यावर त्याच्या वतीने दुसऱ्याच कुणी बोलणं. ते आभाळ त्या दिवशीच्या आभाळासारखं असेलही, पण ते कुणी पाहिलेलं नाही. कल्पक विभागात खुशाल करा, फक्त सांगून करा. जिथे फोटो साक्ष म्हणून उभा आहे तिथे एक बोटभर कोपरासुद्धा नको. यावर मला फार बोलायचं नाही, कारण हे प्रकरण सोपं आहे. अवघड प्रकरण कापण्याचंच आहे. म्हणून आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या एका संस्थेने वारीवर छायाचित्र स्पर्धा घेतली. तीन परीक्षक. दोन चांगले छायाचित्रकार आणि तिसरा मी, ‘विचारवंत’ म्हणून. (हशा) नियमावलीत लिहिलं होतं: क्रॉप चालेल, आतलं काही काढलेलं चालणार नाही. शेवटच्या फेरीतल्या प्रवेशिकांच्या मूळ फाइल मागवल्या होत्या. आम्ही त्या एकेक उघडून पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या.

एका मुलाने पावसातली दिंडी टिपली होती. सुरेख फोटो. पण मूळ फाइलमध्ये आभाळातून एक विजेची तार जात होती आणि ती त्याने पुसली होती. आम्ही तो बाद केला. सगळ्यात आग्रही मी होतो. असत्य लहान-मोठं नसतं, वगैरे पाच मिनिटं बोललो.

पहिलं बक्षीस दिलं ते एका म्हातारीच्या फोटोला. कमरेपासून वर. हातात तुळशीची माळ, चेहरा खाली झुकलेला, मागे ओला धूसर रस्ता. नजर खाली कुठेतरी हरवलेली. फोटोचं नाव होतं ‘एकटी’. आम्ही तिघंही तो पाहून गप्प झालो होतो. मी अभिप्रायात लिहिलं, गर्दीतलं माणसाचं एकटेपण या फोटोने पकडलंय.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. चाळिशीच्या एक बाई आल्या, त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग कुणीतरी त्यांना दाखवलं, की हे परीक्षक. त्या माझ्याकडे आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सर, ही आमची आत्या. ही एकटी नव्हती. तिचे पाय सुजले होते, मी खाली बसून चोळत होते. ती माझ्याकडे बघतीये."

मला काय बोलावं सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, "हा फोटो गावात सगळ्यांच्या मोबाइलवर आलाय. लोक विचारतात, म्हातारीला एकटीला वारीला धाडलीत का? आम्ही घरची पाच माणसं होतो सोबत. मला कापलं त्याचं काही नाही, सर. पण तिला एकटी का केली?"

आम्ही मूळ फाइल पाहिली होती, हे मी मघाशी सांगितलंच. घरी जाऊन मी आठवायला लागलो. हो, होती ना. खाली वाकलेली बाई होती, डाव्या बाजूला आणखी माणसं होती, एक स्टीलचा डबा उघडा होता. ते सगळं मी पडद्यावर पाहिलं होतं. पण मी पाहत होतो ते काही पुसलंय का, एवढंच. पुसलं नव्हतं. क्रॉप होता, क्रॉप चालतो. फाइल बंद केली.

आता मघाचा विचार लावून बघा. तो फोटो बिननावाचा असता, किंवा नाव ‘वारकरी’ असतं, तर भाचीला कापणं हे मौन होतं. पण ‘एकटी’ हा शब्द काय सांगतो? एकटी म्हणजे जिच्याजवळ कुणी नाही ती. कुठे कुणी नाही? चौकटीत नव्हे, तिच्याजवळ. तो शब्द चौकटीबाहेरच्या जागेला अधिकरण करतो आणि तिथे माणसांचा अभाव आहे असं सांगतो. आणि तिथे तर माणूस होतं, तिचे पाय हातात घेऊन. शिवाय ती नजर! नजर कुठेतरी जात असते. तिचं दुसरं टोक कापलं, आणि प्रेमाने भाचीकडे बघणाऱ्या बाईची हताश म्हातारी झाली. त्या छायाचित्रकाराने काही पुसलं नव्हतं. पण नाव आणि क्रॉप मिळून पुसण्याचंच काम केलं होतं, तारेपेक्षा कितीतरी मोठं.

मी संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर आलं की नियमांचा भंग झालेला नाही, निकाल अंतिम आहे. कागदोपत्री ते खरंच होतं. निकालावर सही माझीही होती. मी अजून जोर लावायला हवा होता, तो लावला नाही. त्यानंतर मला परीक्षक म्हणून कुणी बोलावलेलं नाही, आणि ते ठीकच आहे.

यातून मी काय मागतोय? क्रॉपवर बंदी नको. अमुक टक्क्यांपर्यंतच कापा, असला नियमही नको. निम्माअधिक कापूनही फोटो खरा राहतो आणि बोटभर कापून खोटा होतो. मला तीन साध्या गोष्टी हव्यात. एक, स्पर्धकाने कापलेल्या फोटोबरोबर अखंड फ्रेमही द्यावी आणि शेवटच्या फेरीत परीक्षकांनी ती पाहताना काय कापलं आणि त्याने काय बदललं, हे दोन वाक्यांत लिहावं. दोन, नाव आणि ओळ यांना फोटोचाच भाग मानावं. ‘एकटी’, ‘निर्जन’, ‘शेवटचा’ असे शब्द चौकटीबाहेर बोट दाखवतात. तिथे अखंड फ्रेम त्या शब्दाला दुजोरा देते का, हे बघावं. तीन, जमेल तिथे फोटोतल्या माणसाला बक्षिसाआधी फोटो दाखवावा. ती बाई दिंडीबरोबर होती, दिंडीला क्रमांक असतो. शोधायला फार कठीण नव्हतं.

एवढं बोलून थांबतो. वेळ आहे म्हणताहेत, तर एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, मग तार पुसणाऱ्या त्या मुलावर तुम्ही अन्याय केला असं आज वाटतं का?)

चांगला प्रश्न आहे. नाही, बाद केलं ते बरोबर होतं. दिंडीवरून तार जात होती, त्याने दाखवलं की जात नव्हती. आज परीक्षक असतो तरी बादच केला असता. पण त्या दिवशी मी तारेवर पाच मिनिटं बोललो आणि त्या बाईवर एक वाक्यही बोललो नाही. माझी चूक तिथे होती. तार पुसल्याने कुणाचं काही गेलं नव्हतं. इकडे एका घराला गावात मान खाली घालावी लागली, आणि तो फोटो आम्ही हार घालून भिंतीवर लावला. मूळ फाइल उघडली की आधी काय पुसलंय ते बघायचं आणि मग काय कापलंय तेही बघायचं. मी पहिलं करून उठलो होतो.